हप्त्यात लपवलेली मदत

१ ऑक्टोबर २०२५ला अमेरिकी सरकारचे कामकाज बंद पडले आणि ४३ दिवस बंदच राहिले. पगाराविना राबणारे विमानतळांवरचे कर्मचारी आणि रद्द झालेली उड्डाणे यांच्या बातम्या आपल्याकडेही आल्या. त्याच मध्यरात्री आणखी एका सरकारी योजनेची मुदत संपली, तिची मात्र फारशी वाच्यता झाली नाही. ‘नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रॅम’ हे तिचे नाव. अमेरिकेतल्या घरांना पुराचा विमा देणारी ही योजना ‘फेमा’ म्हणजे तिथले संघीय आपत्ती खाते चालवते. आधी विकलेल्या पॉलिसी चालू होत्या, पण नवी पॉलिसी देण्याचा अधिकारच योजनेकडे उरला नव्हता. आणि पूरक्षेत्रातल्या घरासाठी बँकेकडून कर्ज काढायचे तर आधी पुराचा विमा दाखवावा लागतो.

म्हणजे सौदा ठरलेला, इसार दिलेला, जुन्या घरातले सामान खोक्यांत भरलेले, आणि कागद एका विम्यापायी अडलेला. २०१० मध्येही ही योजना तुकड्या-तुकड्यांनी महिन्याहून अधिक काळ बंद होती. तेव्हा घरविक्री दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने रोजचे सुमारे १,४०० व्यवहार रखडत असल्याचा अंदाज दिला होता. त्यानंतरही शहाणपण आले नाही. २०१७ पासून अमेरिकी संसदेने या योजनेला तिसाहून अधिक वेळा तात्पुरती मुदतवाढ दिली आहे, कधी काही महिन्यांची, तर कधी जेमतेम काही दिवसांची. सुमारे ४७ लाख पॉलिसी आणि १.३ लाख कोटी डॉलरचे संरक्षण देणारा विमा महिन्याच्या उधारीवर चालवावा तसा चालला आहे. संसदेला तो बंद करायचा नाही, कारण पूर रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट असा भेद करत नाही. दुरुस्त मात्र कोणीच करत नाही, कारण दुरुस्ती म्हणजे कोणाचा तरी हप्ता वाढणार.

हे काम सरकारच्या गळ्यात पडले कसे? आग एका घराला लागते, पूर हजार घरांत एकाच रात्री शिरतो. शिवाय टेकडीवर राहणारा पुराचा विमा घेत नाही, नदीकाठचाच घेतो. विमा कंपनीच्या दृष्टीने याहून वाईट गिऱ्हाईक नाही. १९२७च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर खासगी कंपन्यांनी घरांच्या पुराच्या विम्यातून जवळपास अंग काढून घेतले. १९६५ मध्ये ‘बेट्सी’ चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवले, तेव्हा हजारो कुटुंबांकडे सरकारी मदतीखेरीज काही नव्हते. त्यातून १९६८ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात हा कायदा झाला. कायद्यातली देवघेव चांगली होती. गावाने किंवा शहराने पूरक्षेत्रात नवे बांधकाम पुराच्या पातळीच्या वर जोते घेऊनच होऊ द्यायचे, त्याबदल्यात तिथल्या रहिवाशांना सरकार विमा देणार. आज बावीस हजारांहून अधिक गावे-शहरे या करारात आहेत.

भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ मध्येच एक धोका सांगून ठेवला होता. हा विमा चुकीच्या पद्धतीने दिला, तर लोक पूरक्षेत्र सोडण्याऐवजी तिथेच वसत राहतील आणि नुकसान वाढत जाईल, असा त्यांचा सूर होता. पूरक्षेत्राचे नकाशे होण्याआधी बांधलेल्या जुन्या घरांना कायद्याने मोठी सवलत दिली. ही घरे काळाच्या ओघात पडतील, बदलतील आणि सवलत आपोआप संपेल, अशी आशा होती. तसे झाले नाही. पूर येई, भरपाई मिळे, त्याच पैशातून तेच घर त्याच उंचीवर पुन्हा उभे राही. वारंवार बुडणारी घरे एकूण पॉलिसींच्या एक-दोन टक्के, पण भरपाईच्या रकमेतला त्यांचा वाटा पाव हिश्शाच्याही पुढे, हे चित्र दशकानुदशके कायम राहिले.

मग २००५ मध्ये ‘कॅटरिना’ आले. वर्षाला साधारण दोन अब्ज डॉलर हप्ते गोळा करणाऱ्या योजनेला एका वादळापोटी सुमारे सोळा अब्ज द्यावे लागले. हे पैसे सरकारी तिजोरीतून कर्जाने आले. २०१२चे ‘सँडी’ आणि २०१७चे ‘हार्वी’ यांनी त्यात भर घातली. २०१७ मध्ये संसदेने सोळा अब्जांचे कर्ज माफ केले, तरी वीस अब्जांवर शिल्लक राहिलेच. २०२४च्या ‘हेलीन’नंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी दोन अब्ज उचलावे लागले. या कर्जाचे व्याज दिवसाला दहा लाख डॉलरहून जास्त होते, आणि ते भरले जाते लुइझियानातल्या कोळ्याच्या आणि न्यू जर्सीतल्या शिक्षिकेच्या हप्त्यातून. संसदेने ज्या दराने विमा विकायला लावला तो दर अपुरा होता. त्याच्या तुटीचे व्याज पॉलिसीधारकाने का भरायचे, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही. हे उरलेले कर्जही माफ करायला हवे. ते या योजनेतून कधीच फिटणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

हप्ते खऱ्या जोखमीइतके करण्याचा एक मोठा प्रयत्न २०१२ मध्ये झाला. इलिनॉयच्या रिपब्लिकन ज्युडी बिगर्ट आणि कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट मॅक्सीन वॉटर्स यांच्या नावाने कायदा झाला, दोन्ही पक्षांनी पाठ थोपटून घेतली. प्रत्यक्ष वाढीव हप्त्यांचे आकडे घरोघरी पोहोचले तेव्हा किनारपट्टीवर हलकल्लोळ माजला. घरांच्या किमती ढासळू लागल्या. खुद्द वॉटर्स आपल्याच कायद्याच्या विरोधात उभ्या राहिल्या. मार्च २०१४ मध्ये संसदेने त्यातला बराच भाग गुंडाळला आणि राहत्या घराच्या हप्त्यात वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त वाढ करायची नाही, अशी मर्यादा घातली.

त्या गोंधळातून दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा धडा घेतला. एक म्हणते, हप्ता वाढवायचाच नाही. दुसरी म्हणते, जोखीम ज्याची त्याने भरावी, नाहीतर घर सोडावे. दोघांच्याही हातून एक गोष्ट सुटते. हप्ता ही धोक्याची खबर आहे, आणि मदत हा समाजाचा निर्णय आहे. खबर खरी असली पाहिजे आणि मदत उघड असली पाहिजे. मदत हप्त्याच्या पोटात लपवली की दोन्ही बिघडतात: धोका किती ते कळत नाही आणि मदत कोणाला पोहोचली तेही कळत नाही.

खबर खरी करण्याचे अर्धे काम ‘रिस्क रेटिंग २.०’ या नव्या दरपद्धतीने केले आहे. ऑक्टोबर २०२१ पासून नव्या आणि एप्रिल २०२२ पासून जुन्या पॉलिसींना ती लागू झाली. तोवर नकाशावरच्या एका रेषेवर सारे ठरत असे: शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात घर आत की बाहेर. ‘शंभर वर्षांचा पूर’ हे नाव माणसाला गाफील ठेवते. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जात ती २६ टक्के होते, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत चारातले एक घर बुडणार. आणि रेषेबाहेर आलबेल असते असेही नाही. ‘हार्वी’त ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत दीड लाखांहून अधिक घरांत पाणी शिरले, त्यातली सुमारे दोन-तृतीयांश या रेषेबाहेरची होती आणि बहुसंख्यांकडे विमा नव्हता. नवी पद्धत पाण्यापासूनचे अंतर, जमिनीची आणि जोत्याची उंची, पुन्हा बांधण्याचा खर्च असे सारे पाहते. जुन्या पद्धतीत साध्या घराचा मालक जोखमीच्या मानाने जास्त आणि समुद्रकाठच्या बंगल्याचा मालक कमी भरत होता, हेही त्यातून उघडे पडले. सुमारे २३ टक्के जुन्या पॉलिसीधारकांचा हप्ता पहिल्याच वर्षी उतरला.

बाकीच्यांचा चढला, आणि अजून चढतोच आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०२३च्या अहवालानुसार डिसेंबर २०२२ मधला मध्यक हप्ता वर्षाला ६८९ डॉलर होता, पूर्ण जोखमीसाठी तो १,२८८ व्हायला हवा. मध्यकाने पोट भरत नाही. मिसिसिपीच्या मुखाकडच्या वस्त्यांत हे ओझे कितीतरी पट आहे. लुइझियाना आणि आणखी नऊ राज्ये २०२३ मध्ये या पद्धतीविरुद्ध न्यायालयात गेली. आकडेमोडीचे गणित लोकांना पुरेसे उलगडून दाखवलेले नाही, ही त्यांची तक्रार रास्त आहे. जुना दर परत आणा, ही मागणी मात्र रास्त नाही.

परवडत नाही म्हणून विमा सोडणारे कोण असतात? ‘फेमा’नेच २०१८ मध्ये संसदेला दिलेल्या अहवालात दिसले, की पूरक्षेत्रात विमा नसलेल्या कुटुंबांपैकी निम्मी अल्प उत्पन्न गटातली आहेत, विमा असलेल्यांत हे प्रमाण पाव हिश्शाच्या आसपास. यातली कित्येक घरे कर्जमुक्त, आईवडिलांकडून आलेली. बँकेचा धाक नाही, त्यामुळे हप्ता महागला की पॉलिसी पहिली सुटते. २००९च्या सुमारास ५७ लाख असलेल्या पॉलिसी दहा लाखांनी घटल्या आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘हेलीन’ने समुद्रापासून शेकडो मैल दूर, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात अ‍ॅशव्हिलच्या परिसरात हाहाकार उडवला. त्या भागातल्या एक टक्का घरांनाही पुराचा विमा नव्हता. विम्यातून मिळणारी भरपाई घर पुन्हा उभे करण्याइतकी असू शकते, इमारतीसाठी अडीच लाख डॉलरपर्यंत. नुसती सरकारी आपत्ती मदत बहुतेकांच्या हाती काही हजार डॉलर एवढीच येते.

म्हणून पुराच्या विम्याची सवलत माणसाच्या उत्पन्नावर बेतायला हवी. सध्या ती घराला चिकटलेली आहे, आणि इतकी घट्ट की घर विकले तर जुन्या मालकाची पॉलिसी नव्या मालकाच्या नावे करता येते आणि टप्प्याटप्प्याने चढणाऱ्या कमी दराची शिडीही त्याला मिळते. घेणारा लक्षाधीश असला तरी! पलीकडच्या गल्लीत भाड्याच्या घरातून नुकत्याच स्वतःच्या छोट्या घरात आलेल्या परिचारिकेला मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण दर. याला परवडणारा विमा म्हणणे म्हणजे शब्दांची थट्टा आहे. उत्पन्नाचा दाखला बघून ठरावीक रक्कम थेट मदत म्हणून द्यावी, ती अर्थसंकल्पात वेगळ्या ओळीवर दिसावी, आणि हप्त्याच्या पावतीवर पूर्ण आकडा छापलेला असावा. लेखापरीक्षण कार्यालय वर्षानुवर्षे हेच सुचवते आहे. संसदेला ते नको असते, कारण लपलेल्या सवलतीवर मत द्यावे लागत नाही.

आपल्याकडचा ‘एक रुपयात पीकविमा’ आठवून पाहावा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये शेतकऱ्याचा हिस्सा एका रुपयावर आणला, उरलेले सरकारने भरले. हेतूत खोट नव्हती. पण एक रुपयात धोका किती हे कोणालाच कळेना, बोगस अर्जांच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि २०२५ मध्ये योजना गुंडाळावी लागली. गरजू कोरडवाहू शेतकऱ्याला नेमकी मदत देण्याचा प्रश्न होता तिथेच राहिला. ह्यूस्टन आणि हिंगोली यांच्यात फार साम्य नसेल, पण ही चूक दोन्हीकडे सारखीच झाली.

हे सारे खासगी कंपन्यांवर सोपवावे, असा एक युक्तिवाद वॉशिंग्टनमध्ये अधूनमधून डोके वर काढतो. खासगी कंपन्या आजही या धंद्यात आहेत, दोन्ही बाजूंनी. १९८३ पासून बहुतेक सरकारी पॉलिसी त्याच विकतात, दावे त्याच हाताळतात. मोबदला त्यांचा आणि जोखीम सरकारची. ‘सँडी’नंतर घरांच्या नुकसानीचे अभियंत्यांचे अहवाल घरमालकांच्या विरोधात बदलल्याची प्रकरणे बाहेर आली आणि २०१५ मध्ये ‘फेमा’ला सुमारे १ लाख ४४ हजार पॉलिसीधारकांना फेरतपासणीची संधी द्यावी लागली. शिवाय आता काही कंपन्या स्वतःचाही पुराचा विमा विकतात. ग्राहकाला निवड मिळते, त्याला विरोध असण्याचे कारण नाही. पण कंपनी निवडते उंचावरची, नवी, कमी धोक्याची घरे, आणि सरकारकडे गाळ उरतो. दोन वाईट वर्षे गेली की कंपनी राज्य सोडू शकते. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियात घरांच्या साध्या विम्याबाबत ते झालेच आहे. सरकार कुठे जाणार?

फ्रान्सने १९८२ मध्येच वेगळा रस्ता धरला. प्रत्येक घराच्या विम्यावर सरसकट अधिभार, पॅरिसमधल्या चौथ्या मजल्यावरच्यालाही आणि नदीकाठच्यालाही सारखाच, आणि पाठीशी सरकारी पुनर्विमा. अधिभार १२ टक्के होता, जानेवारी २०२५ पासून तो २० टक्के झाला. ब्रिटनने २०१६ मध्ये ‘फ्लड री’ सुरू केले: विमा कंपन्यांवर वार्षिक पट्टी बसवून पूरप्रवण घरांचे हप्ते खाली ठेवायचे. त्यात दोन अटी मोठ्या शहाणपणाच्या आहेत. १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना ही सवलत नाही, म्हणजे आता नदीपात्रात बांधणाऱ्या बिल्डरला लोकांच्या पैशाचा आधार नाही. आणि योजना २०३९ मध्ये संपणार, हे पहिल्या दिवसापासून जाहीर. अमेरिकेने यातली पहिली अट तरी उचलावी. नव्या घराला सवलत नको, अगदी शेवटच्या डॉलरपर्यंत.

विमा स्वस्त ठेवण्याचा खरा मार्ग मात्र पाण्यापासून दूर जाण्याचा आहे, आणि त्याचे अमेरिकेतले सर्वांत चांगले उदाहरण ओक्लाहोमातल्या टल्सा शहराचे. मे १९८४ मध्ये तिथे एका रात्रीत आलेल्या पुरात १४ माणसे गेली. नगरपालिकेने पंचनामे आणि धनादेश यांवर थांबायचे नाही असे ठरवले. गाळ वाळायच्या आत वारंवार बुडणारी सुमारे तीनशे घरे विकत घेण्याची तयारी सुरू केली, एक अख्खी फिरत्या घरांची वसाहत हलवली, मोकळ्या जागी बागा आणि पाणी साठवणारे तलाव केले. खर्च कुठून? घराघरावर पावसाच्या पाण्याची वेगळी पट्टी बसवून. लोक कुरकुरले, पण ती अजून चालू आहे. ‘फेमा’च्या श्रेणीपद्धतीत जे शहर अशी कामे करते त्याच्या रहिवाशांचा हप्ता उतरतो; टल्सा सर्वोच्च श्रेणीत पोहोचले आहे आणि ती श्रेणी ४५ टक्क्यांची सूट देते. ही सवलत कमावलेली आहे.

देशभरात मात्र ‘फेमा’च्या पैशातून घर विकत घेण्याची प्रक्रिया सरासरी पाच वर्षांच्या पुढे जाते. पाच वर्षे चिखलात कोण थांबेल? घरमालक दुरुस्ती करतो, विकतो, आणि पुढचा खरेदीदार अंधारात सापडतो. न्यू जर्सीने हा अंधार थोडा कमी केला आहे. मार्च २०२४ पासून तिथे घर विकणाऱ्याने आणि भाड्याने देणाऱ्याने पुराचा इतिहास आणि धोका लेखी सांगणे बंधनकारक आहे. एडिसनपासून ब्रिजवॉटरपर्यंत मराठी कुटुंबांची दाट वस्ती आहे, आणि रॅरिटन नदीचे खोरेही तेच. १ सप्टेंबर २०२१च्या रात्री ‘आयडा’च्या पावसाने एकट्या न्यू जर्सीत तीस बळी घेतले. तिथल्या मराठी घरांत बेसमेंट म्हणजे गणपतीची आरास, पाहुण्यांची खोली आणि मुलांचा धुडगूस, सारे एकत्र. सरकारी पुराच्या विम्यात या तळघरातल्या सजावटीला आणि सामानाला जवळजवळ काहीच मिळत नाही. भट्टी, पाणी तापवण्याचे यंत्र अशा मोजक्याच गोष्टी त्यात येतात. पॉलिसीतले हे पान दलाल स्वतःहून वाचून दाखवत नाही.

महाराष्ट्रात नदीकाठी निळी रेषा आहे, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा आहे, शंभर वर्षांतल्या पुराची. सांगली-कोल्हापूरने २०१९ मध्ये आणि चिपळूण-महाडने २०२१ मध्ये या रेषांची किंमत मोजली. पक्के घर पूर्ण पडले तर आपत्ती निवारण निधीच्या निकषांनी मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, आणि त्याआधी पंचनामा. पुराचा धोका समाविष्ट असलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांना द्यावीच लागते, पण घरकर्ज देताना कर्जदाराच्या जिवाचा विमा गळ्यात मारणाऱ्या बँकांना घराच्या विम्याची आठवण क्वचितच होते. आपल्याकडे अशी योजना कधी आखायची झाली, तर लाल रेषेच्या आतल्या नव्या बांधकामाला सवलत नाही, ही ओळ पहिल्याच मसुद्यात लिहावी लागेल, आणि मदतीची रक्कम अर्थसंकल्पात वेगळी दाखवावी लागेल.

अमेरिकेत पुढची मुदतवाढ येईलच. ती कमीत कमी पाच वर्षांची असावी आणि सरकारी कामबंदीशी तिचा संबंध तोडावा, एवढी मागणी तरी तिथल्या मराठी मतदारांनी आपापल्या प्रतिनिधीकडे करायला हरकत नाही. कर्जासाठी घेतलेल्या विम्याचा अपवाद वगळता नवी सरकारी पॉलिसी साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते आणि अटलांटिकमधला वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो. तळघरातल्या वस्तू वर हलवायला आणि अर्ज भरायला एप्रिल महिना बरा.